तिरप्या खांबाची जाळी

२७ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी नत्थूजी आले. सायकलवरून उतरायच्या आधीच बोलायला सुरुवात.

"चारुताई, तुमच्याकडं काम आहे. नाई म्हनू नका."

नत्थूजी म्हणजे आमच्या खापा गावच्या फुटबॉल स्पर्धेचे सेक्रेटरी, एकेकाळचे गोलकीपर. माझ्या घराची मागची भिंत आणि स्टेडियमची भिंत एकच. स्टेडियम म्हणजे काय, एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, एक बंद तिकीट-खिडकी (तिच्यात कोंबडी अंडी घालते) आणि दोन गोल. नदीकडच्या गोलला बाजारची जाळी बसते. कडुनिंबाकडच्याला बसत नाही, कारण त्याचा एक खांब तिरपा आहे. ओढूनताणून बसवली की कोपऱ्यात फाटते.

गेल्या वर्षी फायनलला तेच झालं. कन्हानच्या संघातल्या पोरानं मारलेला चेंडू बाहेरून, फाटक्या भोकातून जाळीत शिरला. रेफरीने गोल दिला. मग पायऱ्यांवरून चपला उडाल्या, पोलिसांची गाडी आली आणि कप कुणालाच मिळाला नाही. यंदा बाहेरच्या संघांनी कळवलंय, जाळी धड असेल तरच येऊ. आणि स्पर्धा मोडली तर जानेवारीचे हे दिवस आनंदमेळ्याच्या कंत्राटदाराला जाणार. तो तयारच बसलाय. एकदा आकाशपाळण्याचे खड्डे पडले की पुढच्या वर्षी फुटबॉल कुठला?

"तुमी शाळेत जाळ्या विनत होत्या, असं तुमीच एकदा सांगितलं होतं जी," नत्थूजी म्हणाले.

"बास्केटबॉलच्या, नत्थूजी. त्या एवढ्याशा असतात."

"मंग ही जराशी मोठी समजा."

मी हो म्हटलं. का म्हटलं ते आता कळत नाही.

आठ वाजता नेहमीप्रमाणे अश्लेषाला फोन केला. जेवलीस का? हो आई. काय जेवलीस? पोळीभाजी, आई. स्वेटर घालतेस ना? हो आई. मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांचे फोन जोडले. लोक तासन् तास बोलायचे. माझ्याच मुलीला दोन शब्दांपलीकडे बोलायला सुचत नाही. नागपूरच्या लॅबमध्ये काम फार असावं.

२९ डिसेंबर, रविवार

दुपारी सुतळी घेऊन बसले. हात विसरतील असं वाटलं होतं. नाही विसरले. पट्टीवरून दोरी, खालून वर, फास, ओढ. सिस्टर फिलोमिनांचा आवाज कानात. त्या गोव्याच्या, हिंदी त्यांची स्वतःची होती. "चारू, खींचो! ढीला काम शैतान का काम!" आम्ही मुली ओढून ओढून बोटं लाल करायचो. बाबा मला नागपुरात कॉन्व्हेंटला ठेवू शकले ते सिस्टरांमुळेच. गांधीबागेत लुगडी विकायला गेलेल्या बाबांकडून त्यांनी पडद्याचं कापड घेतलं, विणकर माणसाचे हिशोब तोंडपाठ पाहिले आणि म्हणाल्या, मुलगी आहे का घरी?

संध्याकाळी शेजारच्या मैनाबाई भिंतीवरून डोकावल्या. मैनाबाईंचं वय सत्तरच्या पुढे. माग बंद होऊन किती वर्षं झाली, पण बोटं अजून हवेत धागा चाचपतात.

"काय करून राहिली वं चारू? मासोळ्या पकडाले जातं का?"

मी सांगितलं. त्या थेट दारातून आत आल्या, माझी गाठ हातात घेतली, नखानं ओढून पाहिली.

"गाठ चांगली हाय. पन एकटीनं करशीन तं पुढच्या जन्मी होईन." मग घरी जाऊन धोटा घेऊन आल्या, मागावरचा जुना, शिसवीचा, टोकं झिजलेली. त्यात दोरी गुंडाळली आणि फासातून असा सरकवला की मी बघतच राहिले.

"नदीवरच्या ढिवरांना का नाही विचारलं नत्थूजींनी? मासे धरतात ते," मी म्हटलं.

"विचारलं न. ते म्हनते, आमी सोताच बाजारातून जाळे आनतो, तुमाले कुठून विनून देऊ?"

२ जानेवारी, गुरुवार

पायऱ्यांवर उन्हात बसून काम सुरू. आता आम्ही सहासात जणी आहोत. मैनाबाई, त्यांची सून अंजू, पलीकडच्या तुळसाबाई, येणाऱ्याजाणाऱ्या आणखी. वरच्या पायऱ्यांवर तुरीच्या शेंगा वाळताहेत, खालच्या पायऱ्यांवर आम्ही. कुणी संत्रं सोलतं आणि वास सगळ्यांना वाटून जातो.

तुळसाबाईंनी तिरप्या खांबाचा विषय काढला. नवे खांब का नाही बसवत?

मैनाबाई एकदम म्हणाल्या, "त्याले हात नाई लावाचा. तो तुह्या माह्या बापाईनं वाकवला हाय."

खरंच आहे. भिंत नव्हती तेव्हा हे मैदान सकाळी विणकरांचं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत लुगड्यांच्या उभ्या धाग्यांचे ताणे लागायचे, लाल, हिरवे, जांभळे. बाबा हातात कुंचा घेऊन धाग्यांना खळ लावत मागेपुढे चालायचे. ताणा बांधायला मजबूत काही हवं, म्हणून मँगनीजच्या खाणीतून आणलेले हे पाईप रोवले होते. संध्याकाळी ताणे गुंडाळले की त्याच पाईपांमध्ये पोरं गोल मारायची. चेंडू काखेत धरून ती काठावर वाट पाहत बसायची आणि बाबा मुद्दाम सावकाश गुंडाळायचे. "काका, अंधार पडून राहिला!" "पडू दे ना बाप्पा, तुमचा चेंडू पांढराच हाय."

वर्षानुवर्षं ताणे ओढून तो खांब वाकला असं सगळे म्हणतात. लोखंड सुताने वाकतं का, मला ठाऊक नाही. पण मी ते खरंच धरून चालते.

५ जानेवारी, रविवार

अश्लेषा या रविवारीही आली नाही. दुपारी एकदा आणि आठला एकदा फोन केला. दुपारी म्हणाली, "आई, मैत्रिणींबरोबर आहे." मी विचारलं कोण मैत्रिणी, कुठे, परत कशानं येणार. "आई, मी एकोणतीस वर्षांची आहे गं." हे काय उत्तर झालं? विचारते म्हणजे काळजी असते. तिचे बाबा गेल्यापासून तिला दुसरं कोण आहे विचारायला?

९ जानेवारी, गुरुवार

आज मन खचलं. जाळी पसरून पाहिली तर अर्धीसुद्धा नाही. जाळीची घरं एकसारखी नाहीत. माझी चौकोनी, मैनाबाईंची बारीक, तुळसाबाईंची कुठे पोळीएवढी, कुठे पुरीएवढी. आनंदमेळ्याचा कंत्राटदार पान खात मैदानात फिरत होता, पावलं टाकून जागा मोजत होता. जाताना आमच्याकडे बघून म्हणाला, "बाई, झोपाळ्याची झोळी चांगली झाली."

मैनाबाई म्हणाल्या, "तुह्या तोंडाले बांधू का वं?" बाप्याला बाईसारखं वं म्हटल्यावर सगळ्या पायऱ्या हसल्या. तो गेला, पण मला रात्री झोप येईल असं वाटत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

असं हळदीकुंकू खाप्यानं पाहिलं नसेल!

कल्पना अंजूची. ती म्हणाली, "घरोघरी फिरन्यापेक्षा सगळ्याइले गोलमध्येच बोलवा. ज्या येतीन त्या एकेक ओळ बांधून जातीन." तर तिरप्या खांबाच्या गोलमध्ये सतरंजी टाकली, अर्धवट जाळी आडव्या बांबूला अडकवली, आणि पन्नासेक बायका काळ्या साड्या नेसून आल्या. तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि बसा, गाठ मारा. नव्या नवऱ्या मुलींना हसूच आवरेना. एकीने उखाणा घेतला:

"जाळीला जाळी, गाठीला गाठ,
भूपेशरावांनी अडवला गोल, दुखली त्यांची पाठ."

भूपेश म्हणजे मैनाबाईंचा नातू आणि आमचा गोलकीपर. त्याची बायको पिंकी बोलली ते. तो बिचारा लांबून पाण्याचे हंडे आणत होता, तिथल्या तिथे लाल झाला.

वाण म्हणून मी सर्वांना दोरीचं एकेक रीळ दिलं. मैनाबाई प्रत्येकीच्या मागे उभ्या. "ओढ वं, ओढ! लग्नाची गाठ नोहोय, सैल चालाले." जाळी उतरत्या उन्हापर्यंत पुरी झाली. पुरी! मी सिस्टरांना मनातल्या मनात हाक मारली.

घरी येऊन पाय पसरले तर फोन वाजला. अश्लेषा. "आई, आठ वाजून गेले, तुझा फोन नाही आला. बरी आहेस ना?" मी विसरलेच होते! मग तिला सगळं सांगितलं, उखाण्यासकट. ती खूप हसली. नंतर स्वतःचंही सांगत बसली, लॅबमधल्या नव्या मशीनचं, कोण कुणाशी भांडलं त्याचं. एवढं ती बोलते? बहुधा सणाची सुट्टी असल्यामुळे असेल.

१७ जानेवारी, शुक्रवार

जाळी चढवली. नत्थूजी, भूपेश आणि आम्ही सगळ्या. मैनाबाईंनी एकेक दोरी स्वतः ताणून घेतली. "ढील राह्यली तं लाज जाते कोष्ट्याची." बोटाने टिचकी मारली की जाळी तंबोऱ्यासारखी वाजते. एक सुरकुती नाही. वाकड्या खांबाला इतकी नेटकी बसलीय की तो खांब सरळ वाटतो.

नत्थूजींनी गोलभोवती एक फेरी मारली. मग टोपी काढून म्हणाले, "चारुताई, माह्या पोरीच्या लग्नाच्या मांडवालेही एवढा ताण नव्हता."

आज मला फार अभिमान वाटतोय. कबूल करते.

१९ जानेवारी, रविवार

काय लिहू.

पहिलाच सामना, आपण आणि कन्हान. पायऱ्या भरलेल्या. आम्ही बायका पहिल्या पायरीवर, नव्या लुगड्यांत, जणू लग्नघरच्या. दुसऱ्या हाफमध्ये कन्हानच्या कॅप्टनने, अंकुश त्याचं नाव, लांबून असा फटका मारला की भूपेश हललासुद्धा नाही. चेंडू जाळीत गेला. आणि आमच्या जाळीने तो फेकून दिला! भिंतीवर आपटावा तसा परत आला, भूपेशच्या पाठीवर लागला आणि मैदानात पळाला. नागपूरहून आलेला रेफरी लांब होता. त्याला वाटलं, खांबाला लागला. खेळा म्हणून हात केला.

कन्हानची सगळी टीम मधल्या वर्तुळात खाली बसली. गेल्या वर्षी जाळीला भोक होतं, यंदा जाळीच भिंत झाली. पायऱ्यांवर कुणीतरी चप्पल काढलीच. कंत्राटदार पुढच्या रांगेत आरामात पाय सोडून बसला होता. आपल्या हातांनी आपण ही स्पर्धा बुडवली, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात भूपेश चालत रेफरीकडे गेला. "सर, गोल हाय. आतून आला. माह्या पाठीवर वळ पाहा." आणि शर्ट वर केला.

पायऱ्यांवर हशा. रेफरीही हसला, गोल दिला. सामना एक-एक सुटला. पण जाताना अंकुश नत्थूजींना म्हणाला, "काका, भूपेश खरा मानूस हाय म्हनून आज निभलं. फायनलले ही जाळी अशीच राह्यली तं आमी नाई येत. उद्या दुसरा कोनी थोडी शर्ट वर करन."

मैनाबाई पायरीवरून उठल्या त्या सरळ घरी गेल्या.

२० जानेवारी, सोमवार

भांडण झालं. मी म्हटलं, जाळी सैल करावी लागेल. मैनाबाई म्हणाल्या, "मी नाई करत. चाळीस वर्सं माहा ताणा कोनी ढिला नाई पाह्यला."

"मैनाबाई, चेंडू आत राहायला हवा."

"चेंडू नीट मारा म्हना त्याइले!"

नत्थूजींनी दोन्ही हात जोडले, एकदा त्यांना, एकदा मला. कशाचाच उपयोग नाही. शिवाय सैल करणार कशी? विणलीच मापात. सोडली तरी ती तेवढीच.

मग मला शाळेतल्या शिवणाच्या तासाची आठवण झाली. फ्रॉक अंगाला घट्ट झाला तर सिस्टर तो फेकू देत नसत, बगलेत आणि कडेला नवी पट्टी घालत. जाळीला चारी बाजूंनी पट्टी घालायची. मागे बांबू आणखी लांब रोवायचे. पोट द्यायचं तिला.

"म्हंजे काठ," मैनाबाई सावकाश म्हणाल्या. "लुगड्याले काठ नसन तं ते लुगडं कायचं?" आणि त्या उठून धोटा शोधायला गेल्या. काठ म्हटल्यावर त्यांची लाज राहिली. मी तसं काही ठरवून बोलले नव्हते.

पण दोरी संपलेली. अश्लेषाला फोन केला, खरं तर फक्त दुकानाचा पत्ता विचारायला. ती म्हणाली, "मी घेते आणि उद्या आणते. रजा काढते." मी म्हटलं, कशाला, तुझं काम... "आई, मला यायचंय."

मधले सामने कडुनिंबाच्या बाजूला जाळीशिवायच. चेंडू गेला की मैनाबाईंच्या कोंबड्या उडतात.

२३ जानेवारी, गुरुवार

गांधीबागेत पांढरी दोरी मिळाली नाही. अश्लेषाने लाल आणि हिरवी आणली. भीतभीतच पिशवी उघडली तिने. मैनाबाईंनी बघितलं आणि तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "मायबाई! काठाले असाच रंग लागते. तुले कोनं शिकवलं वं पोरी?"

तीन दिवस ती आमच्याबरोबर पायऱ्यांवर बसली आहे. मैनाबाई तिला शिकवतात, आणि शिकवतात ते नवंच. "ओढू नको एवढं. बोट जाईन एवढी जागा ठेव. हं. असं." ज्यांनी महिनाभर सगळ्यांना ओढ, ओढ म्हटलं त्याच! मी नुसतं अंजूकडे बघितलं. तीही बघत होती.

अश्लेषाने कामाचंच काहीबाही सांगितलं, आणि लॅबमध्ये प्रशिक म्हणून कुणी आहे, फुटबॉल चांगला खेळतो, असंही. मी विचारणार होते, कोण प्रशिक, कुठला, घरी कोण कोण. पण माझ्या हातातली गाठ बिघडली होती, ती सोडवण्यात राहून गेलं. मग तिनेच आणखी सांगितलं. बरंच.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन, दुपारी फायनल. आपण आणि कन्हान, दुसरं कोण!

पांढऱ्या जाळीला लाल-हिरवे काठ. मागे पोट सुटलेलं. मैनाबाई तोंड वाकडं करून म्हणाल्या, "बाळंतिनीवानी दिसते." पण दहा जणांना सांगून आल्या, "काठ माहा हाय."

पहिल्या हाफमध्ये काही नाही. दुसऱ्या हाफमध्ये आपण एक गोल केला, पण नदीकडच्या, बाजारच्या जाळीत. सगळे नाचले, आम्ही बायका नुसत्या टाळ्या वाजवून बसलो. आमचा जीव इकडे. मग त्यांनी एक केला, तोही कोपऱ्यातून हळू घरंगळत आलेला. तो काठापर्यंत पोचलाच नाही. त्याने काय कळणार?

आणि संपता संपता अंकुश सुटला. तीच जागा, तोच फटका. भूपेश या वेळी उडाला, बोट लागलं न लागलं, आणि चेंडू जाळीत. मी डोळे मिटले.

आवाज नाही. काही आपटल्याचा आवाजच नाही. डोळे उघडले तर चेंडू हिरव्या काठाजवळ, त्या पोटात अलगद बसलेला. पाळण्यातल्या पोरासारखा जरा झुलला आणि थांबला.

"राह्यला!" मैनाबाई उभ्या राहून ओरडल्या. "राह्यला वं, आत राह्यला!" आम्ही सगळ्याच ओरडलो. तुळसाबाईंनी मला मिठी मारली, अंजू आणि अश्लेषा पायरीवर नाचत होत्या. खाप्याच्या बाकीच्या पायऱ्या डोक्याला हात लावून बसलेल्या, कारण आपण हरत होतो.

भूपेश गोलमधून ओरडला, "आजी! तू कोनाकडून हायेस?"

"जाळीकडून!" मैनाबाईंनी तिथूनच उत्तर दिलं.

मग जे हसू सुरू झालं ते कन्हानवाल्यांपासून रेफरीपर्यंत गेलं. दोन-एक. कप कन्हानला गेला. अंकुशने कप घेतला तो सरळ आमच्या पायरीवर आणून मैनाबाईंच्या मांडीत ठेवला, फोटोपुरता. माइकवर म्हणाला, पुढच्या वर्षीही येऊ, पण जाळी हीच पाहिजे. नत्थूजींनी लगेच पुढच्या सव्वीस जानेवारीची फायनल जाहीर करून टाकली. कंत्राटदार कधी उठून गेला ते कुणी पाहिलं नाही.

हरून एवढी आनंदात झोपायला जाणारी वस्ती दुसरी नसेल.

२७ जानेवारी, सोमवार

दुपारी जाळी उतरवली. ती माझ्या घरी राहणार आहे, कडुनिंबाचा पाला घालून, मोठ्या पेटीत. मैनाबाईंनी घडी घालायला शिकवलं, लुगड्यासारखी, काठावर काठ.

त्या गडबडीत अश्लेषाची एसटी आली. मी हात हलवला आणि पुन्हा घडीकडे वळले. ती गेल्यावर लक्षात आलं की पोचलीस की फोन कर हे सांगायचंच राहिलं. पहिल्यांदाच. आता आठ वाजायला आलेत. करावा का फोन? पेटी बंद करते आधी, मग बघू.

पेटी बंद केली. वर बसावं लागलं, इतकी ती फुगली आहे.

फोन वाजतोय. तीच असणार.